हिमांतलीं दोघें आणि त्यांचा ‘आम्ही’

प्रवासवर्णन हा आपल्या वाङ्मयांतील जुना आणि लोकप्रिय प्रकार होय. काशीयात्रेपासून विलायतेच्या सफरीपर्यंत मराठी माणसानें पुष्कळ प्रवास केला, आणि केलेला प्रवास लिहून ठेवण्याचा उत्साहही दाखविला. परंतु ह्या वाङ्मयांत प्रवासी बहुधा एकटाच असतो. बरोबर कोणी असलें तरी तें पहिल्या पानावर एकदां भेटतें आणि पुढें दिसेनासें होतें. अलीकडे मात्र पतिपत्नींनीं मिळून केलेल्या साहसांचीं वर्णनें वाढत्या संख्येनें वाचावयास मिळतात, आणि त्यांत एक अगदीं नवा प्रकार म्हणजे जोडप्यानें बर्फाळ डोंगरांत स्कीवर घालविलेल्या हिवाळ्याचें वर्णन. यूरोप-अमेरिकेंत अशा लेखनाचा सुकाळ आहे. आपल्याकडेही गुलमर्ग, औली किंवा मनाली येथें हा खेळ शिकून आलेलीं तरुण जोडपीं आपले अनुभव लिहूं लागलीं आहेत. ह्या लेखनाचें मर्म कोठें आहे आणि तें फसतें कोठें, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

भाईंदर पूर्वेसारख्या ठिकाणीं बसून बर्फाविषयीं लिहिणें कोणास हास्यास्पद वाटेल. आमच्या खाडीकांठीं पांढरें म्हणून जें कांहीं दिसतें तें मिठागरांतील मीठ. आमचा हिवाळा म्हणजे पहांटे लोकलच्या फलाटावर खांद्यावर घेतलेली शाल, आणि तीही ऊन वर येतांच घडी होऊन पिशवींत जाते. तथापि रजा सांठवून हिमालयांत जाणारीं मुलें-सुना आज ज्या घरांत आहेत तीं घरें अशाच उपनगरांतून आहेत. त्यांच्या लेखनाचे पहिले वाचक घरचीं वडील माणसेंच असतात, आणि तीं शैलीकडे न पाहतां निराळेच प्रश्न विचारीत असतात : तेथें खरोखर काय घडलें? धोका कितपत होता? परत फिरावयाचें कोणी ठरविलें? हे प्रश्न केवळ काळजीपोटीं आलेले नव्हत. ते वाङ्मयाचेही प्रश्न आहेत, असें आमचें म्हणणें आहे.

हा खेळ आमच्या पुष्कळ वाचकांस अपरिचित असेल, म्हणून त्याची घडण प्रथम सांगितली पाहिजे. पाळण्यांत बसून वर जावयाचें आणि राखलेल्या उतारावरून घसरत खालीं यावयाचें, हा स्कीचा सर्वसाधारण प्रकार. येथें अभिप्रेत आहे तो त्याच्या पलीकडचा. जेथें पाळणा नाहीं, वाट आंखलेली नाहीं आणि उतारावर कोणाची देखरेख नाहीं, तेथें स्वतःच्या पायांनीं चढावयाचें व मग उतरावयाचें. चढतांना स्कीच्या तळास केसाळ पट्टी चिकटवितात. पूर्वीं ती सीलच्या कातड्याची असे, आतां मोहेरची किंवा नायलॉनची असते. तिचे केस स्कीला पुढें सरकूं देतात, मागें घसरूं देत नाहींत. जोड्याची टाच मोकळी ठेवलेली असते, म्हणून चालतां येतें. माथ्यावर पोंचल्यावर पट्टी सोलून काढावयाची, टाच अडकवावयाची, आणि जें चढण्यास तीन-चार तास लागले तें कांहीं मिनिटांत उतरून यावयाचें.

ह्या आनंदाबरोबर जें भय येतें तें हिमलोटाचें. सुमारें तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार स्कीवाल्यास प्रिय, आणि हिमलोटालाही नेमका तोच प्रिय. म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तू असाव्या लागतात : संदेश सोडणारें व पकडणारें लहानसें यंत्र, घडी घालतां येणारी लांब सळई, आणि फावडें. यांपैकीं सळई आणि फावडें हीं स्वतःच्या कामाचीं नव्हेत, सोबत्याच्या कामाचीं असतात. गाडल्या गेलेल्या माणसास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलें तर तो बहुधा वांचतो; अर्धा तास उलटल्यावर आशा फारच थोडी उरते. तेवढ्या अवधींत गांवांतून मदत पोंचत नाहीं. दोघेंच गेलीं असतील तर एकाचा जीव दुसऱ्याच्या हातीं असतो, आणि हें येथें अलंकारानें बोलणें नव्हे.

ह्याच डोंगरांत शर्यतीही होतात. इटालींत ‘मेझालामा’ करंडकाची शर्यत १९३३ सालीं सुरू झाली. ज्याच्या स्मरणार्थ ती चालते तो ओत्तोरीनो मेझालामा १९३१ सालीं हिमलोटांतच मरण पावला होता. स्वित्झर्लंडांत झेरमाटपासून वर्बिएपर्यंत जाणारी हिमनद्यांवरील गस्तीची शर्यत १९४३ सालची. तींत तिघांची तुकडी असे. १९४९ सालीं एक अख्खी तुकडी हिमदरींत पडून नाहींशी झाली आणि ती शर्यत १९८४ पर्यंत बंद राहिली. फ्रान्सांत १९८६ पासून चालणाऱ्या ‘पिएरा मेंटा’ शर्यतींत दोघांची जोडी चार दिवस धांवते. अशा शर्यतींत जोडीची वेळ म्हणजे मागें राहिलेल्याची वेळ. पुढच्याच्या एकट्याच्या वेगास कांहीं किंमत नाहीं. २०२१ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें हा खेळ २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकसाठीं स्वीकारला, आणि त्यांत पुरुषांची व स्त्रियांची छोटी शर्यत यांखेरीज एक स्त्री व एक पुरुष मिळून आळीपाळीनें धांवण्याची मिश्र शर्यत ठेवण्यांत आली.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. ह्या खेळांत सोबत ही शोभेची वस्तु नाहीं. सोबती हा तारणारा असतो, घडलेल्या गोष्टीचा एकमेव साक्षीदार असतो, आणि पुढें जावयाचें कीं परतावयाचें ह्या निवाड्यांत अर्ध्या अधिकाराचा धनी असतो. मग ह्या खेळाच्या वर्णनांत तो सोबती कोठें असतो? बहुतेक लेखांत तो एका सर्वनामांत बुडालेला असतो. ‘आम्ही निघालों, आम्ही चढलों, आम्हांस आनंद झाला.’ दोघांस एकाच क्षणीं तहान लागते, एकाच क्षणीं भीति वाटते, आणि सूर्योदय पाहून दोघांच्या मनांत एकच उपमा येते. ज्यांनीं संसार केला आहे त्यांस हें खरें वाटणें कठीण आहे.

इंग्रजीस जी सोय नाहीं ती येथें मराठीस आहे. इंग्रजींत ऐकणाऱ्यास वगळणारें आणि ऐकणाऱ्यास सामावून घेणारें, अशा दोहोंस एकच सर्वनाम. आपल्या भाषेंत मात्र ‘आम्ही’ निराळें आणि ‘आपण’ निराळें. जोडपें जगाशीं बोलतांना ‘आम्ही’ म्हणतें. उतारावर उभें राहून एकमेकांशीं बोलतांना ‘आपण’ म्हणतें. ‘आपण येथून उतरूं या का?’ ‘नको, आपण मागें फिरूं.’ खरी घटना ह्या ‘आपण’मध्यें घडते, ‘आम्ही’ हा तिचा मागाहून काढलेला गोषवारा. आणि ‘आपण’ हें विचारण्याचें सर्वनाम असल्यामुळें त्याला उत्तर लागतें, व उत्तर देणारें दुसरें माणूस लागतें. ज्या वर्णनांतल्या ‘आम्ही’मागें हा ‘आपण’ ऐकूं येतो तें वर्णन जिवंत, आणि ज्यांत तो ऐकूं येत नाहीं तें नुसता अहवाल, अशी आमची कसोटी आहे. (समीक्षकाचा जो ‘आम्ही’ हा लेख लिहीत आहे तो निराळ्या जातीचा आहे, त्यास डोंगर चढावा लागत नाहीं.)

ही कसोटी जुन्या उदाहरणांस लावून पाहूं. स्कीवरील साहसास इंग्रजी वाचकवर्गांत लोकप्रिय करणाऱ्यांत शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल ह्याचें नांव घेतलें जातें. १८९३ सालीं त्याच्या पत्नीस, लुईझास, क्षय झाल्याचें निदान झालें, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणें तो तिला डाव्होसच्या थंड कोरड्या हवेंत घेऊन गेला. मार्च १८९४ मध्यें ब्रांगर नांवाच्या दोघां स्थानिक बंधूंबरोबर तो स्कीवरून खिंड ओलांडून आरोझा येथें गेला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘स्ट्रँड’ मासिकांत त्यानें ती हकीकत विनोदी ढंगानें लिहिली. तिचा विषय म्हणजे तो स्वतः, त्याचे वाटाडे आणि त्याचें धडपडणें. जिच्यासाठीं तो डाव्होसला राहिला होता ती आजारी बायको ह्या हिवाळ्याचें मूळ कारण होती. पण तें कारण हकीकतीबाहेर राहिलें. आम्ही ह्यास दोष म्हणत नाहीं. डॉइल ‘मी’ म्हणतो आणि ‘मी’च सांगतो, न घेतलेल्या सोबतीचा तो आव आणीत नाहीं. प्रामाणिक ‘मी’ हा पोकळ ‘आम्ही’पेक्षां केव्हांही बरा. परंतु एका जोडप्याचा हिवाळा असा अर्धाच लिहिला गेला, हेंही खरें.

दुसरें उदाहरण आपल्या देशाशीं जवळचें आहे. फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा डॉक्टर पति विल्यम हंटर वर्कमन हें अमेरिकन जोडपें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलवरून हिंदुस्थान पाहण्यास आलें, आणि त्या प्रवासावर त्यांनीं १९०४ सालीं पुस्तकही प्रसिद्ध केलें. हिमालय दिसल्यावर त्यांनीं सायकली सोडल्या, आणि १९१२ पर्यंत तीं पुनःपुन्हां हिमालय-काराकोरमच्या हिमनद्यांवर गेलीं. तीं स्कीवालीं नव्हत. पण बर्फांतल्या दांपत्याच्या लेखनाचा पाया त्यांनींच घातला. त्यांच्या मोहिमांत एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते : मोहिमेचें नेतृत्व कोणाकडे, हें तीं आळीपाळीनें ठरवीत आणि तसें जाहीर करीत. १९१२ सालच्या सियाचेनच्या मोहिमेची नायिका फॅनी होती. त्याच मोहिमेंत स्त्रियांस मताधिकार मागणारें वृत्तपत्र हातीं धरून तिनें सुमारें एकवीस हजार फुटांवर छायाचित्र काढून घेतलें. निर्णय कोणाचा हें वाचकास ठाऊक असल्यामुळें त्यांच्या ‘आम्ही’ला आंत दोन खोल्या आहेत असें वाटतें.

मात्र ह्या घरांत तिसऱ्यास जागा नव्हती. ओझीं वाहणाऱ्या शेंकडों हमालांविषयीं त्यांच्या पुस्तकांत तक्रारीच पुष्कळ. १९१२ मध्येंच सेझारे शेनोझ हा त्यांचा इटालियन हमाल हिमदरींत पडून मेला, आणि फॅनी थोडक्यांत बचावली. दोघांचें साहस म्हणून जें सांगितलें जातें तें खरोखर किती जणांचें असतें, हें विसरूं नये. आणखी एक बोधप्रद गोष्ट. ॲनी पेक नांवाच्या दुसऱ्या अमेरिकन स्त्रीनें १९०८ सालीं पेरूंतील उआस्कारान शिखर चढून स्त्रियांच्या उंचीचा उच्चांक आपला असल्याचें सांगितलें, तेव्हां फॅनीनें पदरचे हजारों डॉलर खर्चून फ्रेंच मोजणीदारांकडून तें शिखर मोजविलें आणि पेकबाईंचा आंकडा फुगलेला ठरविला. पण स्वतः फॅनीनें १९०६ सालीं चढलेल्या ‘पिनॅकल’ शिखराची उंची तिनें २३,३०० फूट सांगितली होती, ती पुढें २२,७३६ फूट भरली. दुसऱ्याची साक्ष तपासणें सोपें असतें. आपल्या ‘आम्ही’ची उलटतपासणी घेणारें कोणी तरी ‘आम्ही’च्या आंतच असावें लागतें.

तें आंतलें माणूस तिसऱ्या उदाहरणांत स्वतंत्र लेखणी घेऊन पुढें येतें. भूगर्भशास्त्रज्ञ ग्युंटर डीरेनफुर्ट ह्यानें १९३० सालीं कांचनगंगेवर अनेक देशांच्या गिर्यारोहकांची मोहीम नेली. त्याची पत्नी हेट्टी हिच्याकडे अन्नसामग्रीची व्यवस्था होती. मोहिमेंत मार्सेल कुर्त्स हा त्या काळचा मोठा स्की-गिर्यारोहकही होता. ९ मे रोजीं बर्फाचा कडा कोसळून चेत्तन हा शेरपा मरण पावला, कांचनगंगेचा नाद सोडावा लागला, आणि मोहीम वळून ७,४६२ मीटर उंचीच्या जोंगसोंग शिखरावर यशस्वी झाली. पुढें १९३१ सालीं ह्या मोहिमेवर दोन पुस्तकें निघालीं : एक नायकानें सिद्ध केलेलें मोहिमेचें, आणि दुसरें त्याच्या पत्नीचें, ‘हिमालयांतली मेमसाहेब’ अशा अर्थाच्या नांवाचें. ज्यास मोहीम चालवावयाची असते त्यास शिखर दिसतें. जिला शंभर तोंडांस अन्न पुरवावयाचें असतें तिला वाट दिसते, ओझें दिसतें, उशीर दिसतो. एकच मोहीम, पण तिचीं हीं दोन दर्शनें एकमेकांस खोडून काढीत नाहींत. एकाच वस्तूकडे दोन डोळ्यांनीं पाहिल्यावर जशी खोली कळते तशी ती येथें कळते. चार वर्षांनीं, १९३४ सालीं, हेट्टी काराकोरममध्यें सात हजार मीटरांहून अधिक उंच गेली, आणि स्त्रियांचा तो उच्चांक पुढें सुमारें वीस वर्षें टिकला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें गिर्यारोहणाचें सुवर्णपदक ह्या दोघांस मिळून देण्यांत आलें. २०२६ सालच्या कार्यक्रमांत स्त्री-पुरुषांची मिश्र शर्यत ठेवणाऱ्यांस ही आठवण होती कीं नाहीं नकळे. परंतु डोंगर आणि जोडी ह्यांचा ऑलिंपिकमधील संबंध नव्वद वर्षांपूर्वींचा आहे.

हें वाचून कोणी म्हणेल कीं असें दुहेरी लेखन परदेशांतच शोभतें. आम्हांस उलट वाटतें. एकच सहजीवन दोन लेखण्यांनीं लिहिलें जाण्याचीं जीं थोर उदाहरणें आहेत त्यांतलें एक मराठींत आहे. धोंडो केशव कर्वे यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालीं निघालें. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचें ‘माझे पुराण’ १९४४ सालीं. १८९३ सालच्या ज्या पुनर्विवाहानें समाजांत खळबळ उडविली तो विवाह आणि त्यापुढील संसार दोन्हीं पुस्तकांत आहे. एकांत संस्था आहे, दुसऱ्यांत संस्थेचा घरावर पडलेला भार आहे. आणि दोहोंत एकमेकांविषयींचा आदर कायम आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तही नारायण वामन टिळक जसे दिसतात तसे ते स्वतःच्या लेखणीनें कधींच दिसले नसते. हें सारें अशा काळांत झालें कीं जेव्हां बायकोनें नवऱ्याचें नांव घेणेंसुद्धां अवघड होतें. उतारावर नवऱ्याच्या मागून नव्हे तर पुढून जाणाऱ्या आजच्या मुलींनीं वर्णन लिहितांना मात्र ‘आम्ही’च्या पदराआड राहावें, हें नवलच म्हटलें पाहिजे.

आतां जी गोष्ट ह्या विषयाच्या मुळाशीं आहे ती सांगितली पाहिजे, जरी ती सांगण्यास सुखाची नाहीं. २०१६ सालीं महाराष्ट्राच्या पोलीस दलांतील एका जोडप्यानें एव्हरेस्ट सर केल्याचें जाहीर केलें. त्यांचें कौतुक झालें. मग इतर गिर्यारोहकांनीं शंका घेतल्या, नेपाळ सरकारनें चौकशी केली, शिखरावरील म्हणून दिलेलीं छायाचित्रें बनावट असल्याचा निष्कर्ष काढला, आणि दोघांस दहा वर्षें त्या देशांत गिर्यारोहणाची बंदी केली. २०१७ सालीं दोघांस नोकरींतूनही काढण्यांत आलें. त्या व्यक्तींविषयीं येथें अधिक बोलण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्या प्रकरणाचा परिणाम प्रामाणिक जोडप्यांवर झाला आहे. एकट्याचा दावा असला तर लोक सोबत्यास विचारतात. सोबती पत्नी किंवा पति असला म्हणजे लोक म्हणतात, ‘तीं दोघें एकच बोलणार.’ ज्या नात्यामुळें डोंगरावर सर्वांत अधिक भरंवसा, त्याच नात्यामुळें गांवांत सर्वांत कमी भरंवसा, असा हा प्रकार आहे.

ह्यावर उपाय म्हणून यंत्रांचीं टिपणें, उंचीच्या नोंदी, छायाचित्रें पुढें केलीं जातात. तीं असावींत, पण छायाचित्रही खोटें करतां येतें हें आपण पाहिलें. वाङ्मयापाशीं जो उपाय आहे तो निराळा. खरीं दोन माणसें एक गोष्ट सांगूं लागलीं म्हणजे त्यांच्या आठवणी थोड्या तरी वेगळ्या निघतात. एकास वाटतें आपण दहा मिनिटें थांबलों, दुसऱ्यास वाटतें अर्धा तास. एक म्हणतो बर्फ भक्कम होता, दुसरी म्हणते मला पायाखालीं पोकळ आवाज आला होता. न्यायालयांतही हुबेहूब जुळणाऱ्या जबान्या पढविलेल्या असल्याचा संशय येतो. जोडप्याच्या लेखनांतला हा न जुळणारा भाग पुसून काढणें म्हणजे खरेपणाची खूणच पुसून काढणें होय. कुशल लबाड असा विसंवादही रचूं शकेल, हें आम्हांस मान्य आहे. साहित्य हा पंचनामा नव्हे. परंतु जो लेखक आपल्या सोबतिणीस स्वतःविरुद्ध बोलूं देतो त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास वाचकास कारण मिळतें, आणि तेवढें कारण चांगल्या लेखनानें द्यावें ही अपेक्षा अवास्तव नाहीं.

एक आक्षेप येथें रास्तपणें येईल. घरचें घरांत राहावें, पतिपत्नींतील मतभेद चव्हाट्यावर मांडूं नयेत, अशी आपल्या मध्यमवर्गाची शिकवण आहे, आणि ती अगदींच टाकाऊ नाहीं. पण येथें मागणी संसारांतल्या रुसव्याफुगव्यांची नाहीं. उतार चढावा कीं नाहीं ह्याविषयींचा मतभेद हा खाजगी नव्हे. तो त्या विद्येचा भाग आहे. हिमलोटांच्या अपघातांचा अभ्यास करणारे सांगतात कीं बर्फाची माहिती नसणें हें एकच कारण नसतें. पुढच्याच्या भरंवशावर मागच्यानें मनांतली शंका न बोलणें, हेंही एक मोठें कारण असतें. नवराबायकोंत तर ही भिडेची शक्यता अधिक. ‘ते म्हणाले म्हणून मी गेलें’ किंवा ‘तिचा हिरमोड नको म्हणून मी परत फिरलों नाहीं’ हीं वाक्यें लिहिण्यास कठीण आहेत, पण दुसऱ्या एखाद्या जोडप्याचा जीव वांचविण्याचें सामर्थ्य त्यांत आहे. शिखरावरच्या सूर्योदयाच्या वर्णनांत तें नाहीं.

आजच्या काळांतील ह्या क्षेत्रांतलें सर्वांत प्रसिद्ध जोडपें म्हणजे कातालोनियाचा किलियन जोर्नेत आणि स्वीडनची एमेली फॉर्सबर्ग. दोघेंही डोंगरांत धांवणारीं आणि स्की-गिर्यारोहणाच्या शर्यतींत उतरलेलीं. किलियन तर ह्या खेळाचा अनेक वेळां जगज्जेता. दोघांनींही स्वतंत्र पुस्तकें लिहिलीं आहेत. सप्टेंबर २०१३ मध्यें शामोनी येथील एग्वी द्यु मिदीच्या एका अवघड कण्यावर तीं दोघें अडकलीं आणि बचावपथकास त्यांस उतरवावें लागलें. टीका पुष्कळ झाली. तेव्हां दोघांनींही त्या प्रसंगाविषयीं जाहीरपणें लिहिलें, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या विजयांइतकीच नोंदण्यासारखी वाटते. ज्यांचें नांव वेगावर उभें आहे त्यांनीं न साधलेल्या दिवसाची हकीकतही द्यावी, आणि एकानें दोघांच्या वतीनें न देतां प्रत्येकानें आपली द्यावी, हा चांगला पायंडा आहे.

दुर्दैवानें त्यांच्या अनुकरणांत उचलला जातो तो हा पायंडा नव्हे, तर आंकडे. हिवाळाभरांत किती मीटर चढलों, किती दिवस बाहेर होतों, शर्यतींत कितवा क्रमांक, पट्टी सोलण्यास किती सेकंद! शर्यतींत सेकंदांस महत्त्व आहे हें आम्ही जाणतों. तीन-साडेतीन मिनिटांच्या छोट्या शर्यतींत पट्टी काढतांना हात अडखळला तर सामना गेला. पण तो आंकडा पंचांसाठीं आहे. वाचकास हवा असतो तो त्या सेकंदांमागचा सराव : घराच्या दिवाणखान्यांत सतरंजीवर बसून एकमेकांच्या पट्ट्या काढण्याचा कंटाळवाणा अभ्यास, दोघांपैकीं एकाची रजा संपल्यावर दुसऱ्यानें एकट्यानें केलेला, आणि एकाच्या दुखापतीनंतर दोघांनींही सोडलेला मोसम. जमाखर्चाच्या वहींतून संसार कळत नाहीं, तसाच चढाईच्या बेरजेंतून हिवाळा कळत नाहीं.

आमचीं मुलें ह्या वाटेनें जाऊं लागलीं आहेत, तर तीं लिहितीलही, आणि लिहावें अशी आमची इच्छा आहे. सह्याद्रीच्या भटकंतीवर मराठींत जें विपुल लेखन झालें त्यांतही मंडळाचा ‘आम्ही’ सर्वत्र पसरला आणि माणसें पुसट झालीं. बर्फावरच्या लेखनानें तोच दोष वारशानें घेऊं नये. लिहिणाऱ्यांस आमच्या सूचना तीनच. एक, निर्णय कोणाचा होता तें त्याच्या नांवानिशीं सांगावें. दोघांचा होता तर तो कसा झाला तें सांगावें. दोन, जेथें दोघांच्या आठवणी जुळत नाहींत तेथें दोन्हीं ठेवाव्यात, आणि शक्य तर दुसऱ्या माणसास चार पानें स्वतःच्या हातानें लिहूं द्यावीं. तीन, वाटाड्या, हमाल, गुलमर्गच्या झोंपडींत चहा करून देणारा म्हातारा, हे सर्व ज्या ‘आम्ही’त बसत नाहींत त्यास ‘आम्ही’ म्हणण्यापूर्वीं थोडा विचार करावा.

एवढें झालें म्हणजे भाषेचे बाकीचे गुणदोष क्षम्य आहेत. कोणास हिमाचें वर्णन नीट साधलें नाहीं, कोणाच्या उपमा शिळ्या निघाल्या, तरी वाचक रागावणार नाहीं. ज्या बापानें मुलाला आणि सुनेला स्टेशनवर निरोप दिला आहे त्याला हिमशिखरांवरच्या गुलाबी प्रभेची फारशी गरजही नसते. आपल्या मुलानें ‘आपण उतरूं या’ म्हटल्यावर सुनेनें ‘नको’ म्हटलें, आणि मुलानें तें ऐकलें, एवढें एक वाक्य त्याला त्या लेखांत सांपडलें तर तो लेख तो जपून ठेवील. आणि आमच्या मतें त्याची ही निवड समीक्षकाच्या निवडीहून निराळी ठरणार नाहीं.